भोगीची भाकरी आणि करीची न्याहारी

वाचक भगिनीचे पत्र:

"आम्ही नाशिकजवळ राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि तेरा व नऊ वर्षांची दोन मुले. भोगीला आमच्याकडे पातेलेभर लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या पंधरा-सोळा भाकऱ्या आणि मुगाच्या डाळीची खिचडी होते. संक्रांतीला गुळपोळ्या आणि वरण-भात. शेजारीपाजारी देऊनही बरेच उरते. सासूबाई म्हणतात, अन्न टाकायचे नाही, शिवाय भोगीची भाकरी करीच्या दिवशी खायचीच असते. यजमान म्हणतात, शिळे अन्न तामसी, गीतेतच तसे सांगितले आहे, आणि ते सकाळी काही न खाता बाहेर पडतात. मुले थंडगार भाकरी पाहून तोंड फिरवतात आणि चहात बिस्किटे बुडवून शाळेला जातात. सासऱ्यांना दात नाहीत. शेवटी तीन दिवस मी एकटी ते सगळे संपवते आणि गेल्या वर्षी तर पोट बिघडून अंथरुणाला खिळले. थंडीच्या सकाळी सगळे आवडीने खातील असे गरम आणि पौष्टिक काही यातून होईल का? सकाळी माझ्या हाताशी जेमतेम अर्धा तास असतो."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटून तिसरे वाक्य मी दोनदा वाचले. उरलेले अन्न वाया जाऊ नये ही साऱ्या घराची इच्छा असेल, तर ते संपवण्याची जबाबदारीही साऱ्या घराची असायला हवी. ती एकट्या सुनेच्या ताटात येऊन पडत असेल, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. तेव्हा न्याहारीत काय करावे हे मी सांगणारच आहे, पण तुम्ही आजारी का पडलात हे आधी पाहिले पाहिजे, कारण सकाळच्या गरम न्याहारीचा सगळा प्रश्न आदल्या दिवशीच्या त्या पातेल्यातच आहे.

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. भोगीची बाजरीची भाकरी राखून ठेवायची आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला किंवा किंक्रांतीला, ती खायची अशी चाल अनेक घरांत आहे. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हे तर आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या चालीकडे जरा नीट पाहिले, तर तिच्यात एक बारकावा आहे, जो आपण फ्रिज आल्यापासून विसरून गेलो. राखून ठेवायची ती भाकरी. भाजी राखून ठेवा, खिचडी राखून ठेवा, असे कोणी सांगितलेले नाही. भाकरी कोरडी असते, तव्यावर आणि मग निखाऱ्यावर किंवा जाळावर दोन्ही बाजूंनी भाजलेली असते, आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत फडक्यात गुंडाळून ठेवली तर ती वाळते, लवकर बिघडत नाही. रस्सा असलेली भाजी, ओलसर खिचडी, वरण आणि भात यांची गोष्ट निराळी. ज्याच्यात पाणी जास्त, ते आधी बिघडते. चाल घालून देणाऱ्या बायकांना हे ठाऊक असणार, म्हणून त्यांनी नेमकी कोरडी वस्तू निवडली. तुम्ही मात्र भाकरीबरोबर भाजी, खिचडी आणि भात हे सगळे एकाच न्यायाने तीन दिवस खाल्ले असणार, असा माझा अंदाज आहे.

यात सर्वांत फसवा पदार्थ भात आणि त्याची भावंडे, म्हणजे खिचडी आणि मसालेभात. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू येतात आणि ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजल्यावर तो कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला, की हे बीजाणू रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, म्हणून 'सकाळी चांगला वाफवून घेतला होता' या वाक्याला इथे अर्थ उरत नाही. त्यातून मोठ्या पातेल्याची गंमत अशी, की वरचा थर हाताला गार लागतो, तरी मध्ये डाव खुपसला तर आतला गोळा तीन-चार तासांनंतरही ऊबदार असतो. बाहेर थंडी आहे म्हणजे पातेल्याच्या पोटातही थंडी आहे, असे नसते. निफाडकडे पारा किती खाली उतरतो हे तुम्हाला मी सांगायला नको, पण घट्ट झाकण घातलेल्या दहा माणसांच्या खिचडीला त्याचा पत्ताही नसतो.

माझ्याकडून हीच चूक एकदा झाली आहे. भोगीच्या दुपारी केलेली खिचडी रात्री गरम केली, 'सकाळी न्याहारीला होईल' म्हणून त्याच पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवली, आणि सकाळी डाव घातला तर डावाबरोबर तार सुटली. वास म्हणाल तर अगदी पुसट, थोडासा आंबूस. हिंग-लसणाची फोडणी दिली असती, तर तोही कळला नसता, आणि भीती नेमकी तिथेच आहे. फोडणीने वास झाकला जातो, दोष तसाच राहतो. तार सुटलेले, आंबूस वासाचे, पृष्ठभागावर बुडबुडे आलेले अन्न टाकून द्यावे आणि त्याबद्दल मनाला बोचणी लावून घेऊ नये. भाकरीवर बुरी दिसली, तर तेवढा तुकडा काढून बाकीची खाऊ नये, कारण डोळ्यांना दिसते त्याहून ती आत पसरलेली असते. आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल, तर त्याला वास येवो वा न येवो, तो न्याहारीचा नव्हे.

म्हणून सकाळचा अर्धा तास वाचवायचा असेल, तर आदल्या दिवशीची पंधरा मिनिटे द्या. जेवणे आटोपली, की उरलेले सगळे उघडे पडून राहण्याआधी तीन वाटण्या करा. खिचडी किंवा भात परातीत पसरा, म्हणजे तो भराभर निवेल, आणि तास-दीड तासाच्या आत बंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. भाजी पुन्हा एकदा खळखळून उकळा, दोन पसरट डब्यांत विभागा, निवू द्या आणि तीही फ्रिजमध्ये ठेवा. खोल भांड्यापेक्षा पसरट भांड्यात ती कितीतरी लवकर गार होते. भाजीत चिंच आणि गूळ असेल, तर कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ती क्षणभरही राहू देऊ नका, नाहीतर ती कळकते. भात आणि खिचडी दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा, भाजी फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. एकदा गरम करून वाढलेले पुन्हा डब्यात भरायचे नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून टाका. भाकरी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका.

शेवटचे वाक्य वाचून तुम्ही थबकला असाल, म्हणून त्याचे कारण सांगते. भाकरी शिळी झाल्यावर कडक होते ती केवळ पाणी उडून जाते म्हणून नव्हे. शिजताना फुगून मऊ झालेले पिष्ट गार होऊ लागले, की पुन्हा आवळून घट्ट बसते, आणि ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने होते. म्हणून फ्रिजमधून काढलेली भाकरी पुठ्ठ्यासारखी लागते आणि फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेली भाकरी त्या मानाने बरी असते. भोगीची भाकरी करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दिवस ठेवायची असेल, तर भोगीच्या संध्याकाळीच ती मंद आचेवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी सावकाश कोरडी करून घ्या. सोलापूरकडची पातळ, कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते ती याच न्यायाने, तिच्यात ओल उरलेली नसते. तुमची घरची भाकरी जाड असल्याने तेवढी खुसखुशीत होणार नाही, पण बुरीपासून वाचेल. आणखी एक गोष्ट भाकरी करण्याआधीची आहे. शंभर ग्रॅम बाजरीत पाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे बाजरीचे दळलेले पीठ लवकर खवट होते. मुले शिळ्या भाकरीला कडू म्हणत असतील, तर तो दोष शिळेपणाचा नसून महिनाभर डब्यात पडलेल्या पिठाचाही असू शकतो. भोगीसाठी दळण ताजे आणावे.

आता यजमानांचा मुद्दा. सतराव्या अध्यायात तामसी आहार सांगताना 'पर्युषित' हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ शिळे असाच आहे, हे त्यांचे बरोबर आहे. पण त्याच श्लोकात त्याच्या शेजारी रस गेलेले आणि दुर्गंधी सुटलेले अशीही विशेषणे आहेत, आणि ज्याचा रस गेला नाही, ज्याला वास नाही, जे नीट राखून पुन्हा अग्नीवर चढवले आहे, त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे एक बशी ठेवलेली बरी. रिकाम्या पोटी घर सोडणारा माणूस श्लोकाने वळत नाही, फोडणीच्या वासाने वळतो.

ती बशी कुस्कऱ्याची असावी. फोडणीची पोळी सगळ्यांनाच येते, पण बाजरीच्या भाकरीचा कुस्करा पोळीसारखा करू गेले तर तो घशात अडकतो, आणि मुलांनी एकदा तोंड फिरवले की मग वर्षभर फिरवतात. सहा माणसांना पाच भाकऱ्या पुरतात. भाकरीचा वरचा पापुद्रा आधी सोडवून वेगळा काढा. तो वाळून कुरकुरीत झालेला असतो आणि हातानेच चुरला जातो. त्याच्यावरचे भाजलेले तीळही त्याच्याबरोबर येतात. खालचा जाड भाग चिवट असतो, त्याचे नखाएवढे तुकडे करा किंवा मिक्सरमधून एक-दोन झटके द्या, पण पीठ होऊ देऊ नका. आता पाऊण वाटी कोमट पाण्यात मीठ विरघळवा. भाकरीत मीठ नसते किंवा अगदी नावाला असते, आणि वरून टाकलेले मीठ कोरड्या चुऱ्यात एकीकडेच बसते. पाण्यातून घातले की ते प्रत्येक कणापर्यंत पोहोचते. हे पाणी फक्त जाड तुकड्यांवर शिंपडा, हलक्या हाताने वर-खाली करा आणि झाकून ठेवा. पाण्याऐवजी पातळ ताक घेतले, तर चव आणखी वर जाते. पापुद्र्याचा चुरा कोरडाच बाजूला राहू द्या.

तुकडे मुरेपर्यंत लोखंडी कढईत तीन चमचे तेल तापवून मूठभर शेंगदाणे तळून घ्या आणि त्याच तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण आणि हळद घाला. दोन कांदे बारीक चिरून त्यात परता, आणि भोगीच्या भाजीसाठी आणलेले हरभऱ्याचे सोलाणे किंवा मटार ओंजळभर उरले असतील, तर तेही त्यातच शिजवा. सणाच्या उरलेल्यात कच्च्या भाज्याही येतात हे आपल्या ध्यानात राहत नाही. मुरलेले तुकडे घालून ढवळा, आच मंद करा आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटे वाफ येऊ द्या. झाकणाच्या आतून थेंब टपटपू लागले, की आवळलेले पिष्ट पुन्हा सैल झाले असे समजा. मग झाकण काढून पापुद्र्याचा कोरडा चुरा आणि तळलेले दाणे घाला आणि मिनिटभरच परता. त्यामुळे खालचा भाग मऊ आणि वरचा कुरकुरीत असा जो दुहेरी पोत येतो, तो पोळीच्या कुस्कऱ्याला कधी येत नाही. कढई उतरवल्यावर लिंबू पिळा. लिंबू आवश्यक आहे, शोभेसाठी नाही: बाजरीत लोह चांगले असते, पण धान्यातले लोह शरीराला सहजी घेता येत नाही, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते काम सोपे होते. उलट, लगेच वर प्यायलेल्या चहाने ते कठीण होते. तेव्हा मुलांचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम निदान तासभर तरी पुढे ढकला, आणि तोवर ती शाळेत पोहोचलेली असतील, हे आपल्या पथ्यावरच आहे.

सासऱ्यांसाठी याच भाकरीचे दुसरे रूप करा. दोन भाकऱ्यांचा बारीक चुरा गरम पाण्यात दहा मिनिटे भिजत घाला. तीन वाट्या पातळ ताकात एक चमचा बेसन किंवा ज्वारीचे पीठ गुठळी न ठेवता कालवा, कारण पिठाशिवाय तापवलेले ताक फुटते. तुपात जिरे, किसलेले आले आणि एखादी मिरची यांची फोडणी करून त्यावर हे ताक ओता, उकळी फुटेपर्यंत सतत ढवळत राहा, मग भिजलेला चुरा घालून पाच-सात मिनिटे रटरटू द्या. घट्ट पिठल्याहून सैल आणि कढीहून दाट झाले, की झाले. वाढताना वर साजूक तुपाची धार आणि चमचाभर तिळकूट. दात नसलेल्या माणसाला चमच्याने खाता येते, आणि आल्यामुळे कानापर्यंत ऊब जाते. ताक आंबट असेल, तर किंचित गूळ घालायला हरकत नाही. आमच्या घरी हे केले, की दात शाबूत असलेलेही आपापल्या वाट्या घेऊन चुलीपाशी येतात, म्हणून मी आता प्रमाण आधीच दुप्पट धरते.

भाजीकडे वळू. पावटे, सोलाणे, गाजर, वांगे, शेंगदाणे, तीळ असे सगळे एकत्र शिजलेले ते खेंगाट दुसऱ्या दिवशी चवीला खरे म्हणजे अधिक मुरलेले असते, पण मुलांना ते दिसायला आवडत नाही. त्याचे थालीपीठ लावा, म्हणजे काय खातो आहोत हे त्यांना विचारावेसेही वाटणार नाही. मात्र आधी एक काम निगुतीने करा: भाजीत बोरे आणि उसाचे करवे घालण्याची तुमच्याकडे पद्धत असेल, तर बोरांच्या बिया आणि उसाचा चोथा वेचून काढा. थालीपीठ थापताना मध्येच बी लागली की ते फाटते, आणि चावताना लागली तर काय होते ते सांगायला नको. दीड वाटी भाजी सकाळी रश्शासकट दोन-तीन मिनिटे उकळा, पावभाजीच्या भाजीसारखी घोटा, आणि गरम असतानाच तीन वाट्या भाजणीवर किंवा निम्म्या-निम्म्या ज्वारी-बाजरीच्या पिठावर ओता. गार रश्श्यात भिजवू नका. बाजरी-ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने आणावा लागतो. भाकरीसाठी आपण पाणी तापवतो ते याचसाठी, आणि इथे उकळता रस्साच ते काम करतो. शिवाय भाजी नीट उकळली गेली याची खात्रीही त्यात आपोआप होते. चमच्याने कालवून झाकून ठेवा, हाताला सोसेल इतके निवल्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि फक्त पिठापुरते मीठ घालून मळा. भाजीचे मीठ भाजीत आहेच. पाणी लागले तर चमचाभरच घाला. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोके पाडून, तेल सोडून, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्या. बरोबर घरचे लोणी असेल, तर दुसरे काही नको. दही द्यायचे तर फ्रिजमधले थंडगार दही देऊ नका, गरम घासाचे सगळे सुख त्याने जाते.

खिचडीसाठी फार काही सांगण्यासारखे नाही. नीट राखलेली असेल तर ती फ्रिजमध्ये गोळा झालेली असते. त्यावर गार पाणी ओतले, तर गुठळ्या राहतात, म्हणून आधण आलेले पाणी घाला, खिचडीच्या दीडपट, आणि डावाच्या पाठीने फोडा. भरडलेले मिरे, आले आणि जिरे घालून पाच मिनिटे खळखळून उकळली, की आसट, पिण्याजोगी होते. कोकणात आणि गोव्यात पेजेची वाटी जे काम करते, तेच काम ही करते, आणि वर डाळीमुळे तिला अधिक बळ असते. धाकट्याला यात मेतकूट घालून द्या. संक्रांतीचा वरण-भात उरला आणि असाच नीट राखला असेल, तर करीच्या सकाळी त्याचीही अशीच आसट करा, फक्त पाण्याऐवजी वरण ओता.

गुळपोळीची मात्र घाई नको. ती करतानाच टिकाऊ असते, आठवडाभर डब्यात राहील, तेव्हा तिला या तीन दिवसांच्या धावपळीत ओढू नका. एखाद्या सकाळी अर्धी पोळी कुस्करून त्यावर दूध घालावे. दूध उकळते नको, प्यायला सोसेल इतपतच गरम असू द्या, कारण गुळावर उकळते दूध पडले, की ते नासण्याचा संभव असतो. तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गुळपोळी फार तापवली, तर आतला गूळ पातळ होऊन जीभ पोळते, तिकडे मुलांवर लक्ष ठेवा. घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्याच्या वाट्याला कुस्करा द्यावा, ही नको, आणि कुस्कराही बशीभरच.

तुमच्या अर्ध्या तासाचे म्हणाल, तर संक्रांतीच्या सकाळी थालीपीठ आणि आसट खिचडी, करीच्या सकाळी कुस्करा आणि ताकातली भाकरी, अशी विभागणी ठेवा. ओले पदार्थ पहिल्या सकाळी संपतात आणि कोरडी भाकरी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबू शकते. करीच्या आदल्या रात्री कांदे चिरून, लसूण सोलून ठेवा. भाकरीचे पापुद्रे सोडवण्याचे काम रात्री टीव्हीसमोर बसून मुलांकडून करून घ्या, नऊ वर्षांच्या मुलाला ते फार चांगले जमते आणि निम्मे तीळ त्याच्या पोटात गेले तरी चालतील. सकाळी उठल्या उठल्या तुकड्यांवर मिठाचे पाणी शिंपडा, तेवढ्यात तुमचे तोंड धुऊन होईल. ताक ढवळण्याचे काम सासूबाईंकडे सोपवा. करीला भोगीची भाकरी खायची ही त्यांची चाल आहे, तेव्हा त्या दिवशी कढईशेजारी त्यांचा हात असणे उचितच होईल, आणि 'आई, ताक फुटेल का हो, जरा बघता?' एवढे विचारले, तरी पुरे.

आणि पुढच्या भोगीला पीठ घेताना भाकऱ्या मोजा. सोळांपैकी आदल्या वर्षी किती उरल्या होत्या हे तुम्हालाच ठाऊक आहे. आठ उरल्या असतील, तर त्यातली एक वजा करा, सात राहू द्या. कुस्कऱ्याला पाच आणि सासऱ्यांच्या ताकातल्या भाकरीला दोन, तेवढ्या लागतील.